झटका आणि शांतता : सोनोग्राफीतला पल्सर

सोनोग्राफीच्या प्रोबमध्ये सिरॅमिकचे शंभराहून जास्त बारीक तुकडे ओळीने बसवलेले असतात. त्यांना विजेचा झटका देणारं सर्किट म्हणजे पल्सर. झटका शंभरएक व्होल्टपर्यंतचा, पण टिकतो सेकंदाच्या दशलक्षांश भागाइतकाच. पडद्यावर काय दिसणार, हे बरंचसं या झटक्याच्या आकारावर ठरतं.

जुनी पद्धत सरळ होती. कपॅसिटर भरायचा आणि एकदम रिकामा करायचा. पण ठोका दिलेल्या घंटेसारखा तुकडा नंतरही घुमत राहतो. शरीराच्या मऊ ऊतींत ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर जातो, म्हणजे ५ मेगाहर्ट्झचं एक आवर्तन जेमतेम ०.३ मिलिमीटर जागा व्यापतं. दहा आवर्तनं घुमली तर लहर ३ मिलिमीटरची होते, आणि तिच्या निम्म्या लांबीहून जवळ असलेले दोन थर पडद्यावर एकच दिसतात.

म्हणून आजचे बरेच पल्सर धन, ऋण आणि शून्य अशा तीन पातळ्यांवर चालतात. झटका संपताच वेगळे मॉसफेट, म्हणजे स्विचसारखे चालणारे ट्रान्झिस्टर, तुकड्यातला उरलेला विद्युतभार काढून त्याला शून्यावर आणतात. मला ही शांत करण्याची कृती झटक्याइतकीच मोलाची वाटते, कारण लगेच त्याच तुकड्याला मायक्रोव्होल्टमध्ये मोजावा असा प्रतिध्वनी ऐकायचा असतो.

खरी कसोटी लागते ती दोन्ही बाजूंच्या समतोलात. २ मेगाहर्ट्झची लहर ऊतींतून जाताना तिचा आकार बदलत जातो आणि ४ मेगाहर्ट्झचा अंश तयार होतो. टिश्यू हार्मोनिक इमेजिंगमध्ये तोच टिपतात. पण झटक्याची धन आणि ऋण बाजू जुळली नाही, तर तो अंश पल्सरच शरीरात पाठवतो, आणि ऊतींतून आलेलं कोणतं नि यंत्राचं कोणतं हे वेगळं काढणं अवघड होतं. त्यात धन बाजू देणारा पी-चॅनल मॉसफेट जात्याच ऋण बाजूच्या एन-चॅनलपेक्षा मंद. तो मोठा करावा तर त्याची कपॅसिटन्सही वाढते. मग चढ-उताराच्या वेळा काही नॅनोसेकंदांनी पुढेमागे करून दोन्ही बाजू जुळवाव्या लागतात.

तिसऱ्या हार्मोनिकवरचा, म्हणजे मूळ लहरीच्या तिप्पट वारंवारतेच्या अंशावरचा, उपाय मात्र फार देखणा आहे. प्रत्येक अर्ध्या आवर्तनात दोन तृतीयांश वेळच व्होल्टेज द्यायचं, बाकी वेळ शून्य. एवढ्यानेच गणिताप्रमाणे तो अंश पूर्ण नाहीसा होतो.

पल्सरऐवजी लिनियर ॲम्प्लिफायर लावला तर हवी ती लहर काढता येते, पण तो तापतो आणि वीज खातो. बॅटरीवरच्या, हातात मावणाऱ्या यंत्राला हे जड जातं. पाच पातळ्यांचा पल्सर पायऱ्यापायऱ्यांनी साइन लहरीच्या जवळ जातो. त्यातले मॉसफेट एकतर पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद असतात, त्यामुळे उष्णताही आटोक्यात राहते.