लग्नाचा खर्च धानाच्या पोत्यांत मोजा

नवेगाव बांधचा तलाव आपण सर्वांनी पाहिलेला आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असे सांगतात. या तलाव बांधणाऱ्या मंडळींची एक रीत होती. तुडूम उघडण्याआधी तलावात पाणी किती, खाली बांध्या किती आणि शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचेल का, याचा अंदाज ते घेत. लग्नाच्या बाबतीत मात्र आपण तुडूम आधी उघडतो आणि पाणी किती होते ते नंतर मोजतो.

आमच्या भागातील एका गृहस्थांची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही. चार एकर धानाची शेती, माणूस मेहनती, व्यसन नाही. थोरल्या मुलीचे लग्न मे महिन्यात झाले आणि चांगले झाले. जूनच्या शेवटी मी त्यांच्या बांधावर गेलो, तर पऱ्हे पिवळे पडलेले. पुढे चिखलणीच्या वेळी द्यायचे खत आणायला हातात पैसे नव्हते. ट्रॅक्टरवाल्याची आणि रोवणीच्या बायांची मजुरी उधारीवर ठेवून रोवणी झाली, तीही उशिरा. एकरी पंधरा क्विंटल पिकवणारा हा माणूस त्या वर्षी दहावर आला. मुलीच्या लग्नाचा खरा खर्च वहीत लिहिला होता त्यापेक्षा वीस क्विंटल धानाने जास्त झाला, पण तो कोणत्याच पावतीवर दिसत नाही.

आपली लग्ने बहुधा धान विकल्यानंतर आणि पावसाच्या आधी होतात. पैसा हातात असतो तेव्हा लग्न, आणि पैसा लागतो तेव्हा रोवणी. या दोहोंत जेमतेम महिना-दीड महिन्याचे अंतर. म्हणून लग्नाच्या वहीत पहिली ओळ लग्नाची नसावी, रोवणीची असावी. बियाणे, खत, चिखलणी, मजुरी यांची रक्कम मांडून ती वेगळ्या खात्यात ठेवा. तिला हात लावायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांच्या देखत ठरवा. उन्हाळी धान असेल तर मुहूर्त काढतानाच कापणीची तारीखही डोळ्यांपुढे ठेवा. घरात वऱ्हाड, शेतात पिकलेला धान आणि आभाळात ढग, अशी फजिती मी एकदा नाही, अनेकदा पाहिली आहे.

आता थोडा हिशेब करू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने साधारण धानाचा आधारभूत भाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरवला. खरेदी केंद्रावरचे पोते ४० किलोचे, म्हणजे एका पोत्याचे साधारण ९४८ रुपये. चार एकरांत एकरी पंधरा क्विंटल धरले तर ६० क्विंटल. त्यातले घरच्या खाण्याला आणि बियाण्याला १२ क्विंटल ठेवले, तर विकायला उरले ४८. त्याचे होतात १,१३,७१२ रुपये. एकरी वीस हजारांप्रमाणे लागवडीचे ८० हजार वजा केले, तर शिल्लक ३३,७१२. तुमच्या घरचे आकडे वेगळे असतील, ते तुम्ही घाला. पण बेरीज-वजाबाकीची रीत हीच.

आता दुसऱ्या बाजूला या. पाचशे माणसांचे जेवण, ताटाला दीडशे रुपये धरले तर ७५ हजार. हा आकडा ऐकून आपल्याला फारसे काही वाटत नाही. तोच धानात सांगतो: ७९ पोती, म्हणजे दोन एकरांतला सगळा धान एका दुपारी. डीजेचे २५ हजार म्हणजे २६ पोती. मी असे म्हणत नाही की जेवण घालू नका. सोयरे येतील, त्यांना पोटभर वाढलेच पाहिजे. पण ठरवण्याच्या वेळी रुपयांऐवजी पोत्यांत बोला. जो माणूस "पंचवीस हजारांनी काय होते" असे सहज म्हणतो, तोच "सव्वीस पोती वाजवण्यात घालायची का?" असे विचारल्यावर क्षणभर थांबतो.

जेवणाच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक माणसांच्या अंदाजात होते. आपण पत्रिका मोजतो, माणसे मोजत नाही. एका पत्रिकेवर एका घरून कधी एक येतो, कधी पाच. मी स्वतः हीच चूक केली आहे. मुलीच्या लग्नात पाचशे धरले आणि साडेसहाशे जेवले. कृषी पदवीधराला बियाण्याचे प्रमाण काढता येते, पाहुण्यांचे काढता आले नाही! दीडशे ताटे वाढली की आणखी २४ पोती गेली. म्हणून गावनिहाय यादी करा आणि प्रत्येक नावापुढे माणसांचा आकडा लिहा. हे काम घरातल्या बायकांकडे द्या. कोणाच्या घरून किती येतील हे त्यांना पक्के माहीत असते, पुरुषांना नसते. आचाऱ्याशी बोलताना ताटाचा भाव, जास्तीच्या ताटाचा भाव, लाकूड-गॅस, पाणी आणि वाढपी कोणाचे, हे सारे कागदावर घ्या. मांडव, भांडी आणि गाडीचेही तसेच. "नंतर पाहू" म्हणून सोडलेली बाब नंतर दुप्पट होऊन येते.

सोन्याचा विचार वेगळा करावा लागतो. साक्षगंधाच्या वेळी जो भाव असतो तो लग्नापर्यंत राहतोच असे नाही. भावावर घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी चढतो, तोही हिशेबात धरा. हॉलमार्क पाहा, पक्की पावती घ्या. वरपक्षाने मागितले म्हणून द्यायचे असेल, तर तो हुंडाच आहे आणि १९६१ च्या कायद्याने तो देणे आणि घेणे दोन्ही गुन्हा आहे. आंदणाच्या नावाने मागितला म्हणून त्याचे स्वरूप बदलत नाही.

कर्जाबद्दल थोडे सविस्तर बोलतो, कारण घर येथेच बसते. पीक कर्ज लग्नात वापरू नका. राज्यात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडल्यास व्याज पडत नाही. ते लग्नात गेले आणि मुदत टळली की सवलत जाते, खाते थकते आणि पुढच्या हंगामाचे कर्ज अडते. मग माणूस जातो शेकडा तीनवाल्याकडे. लाखाला महिन्याचे तीन हजार, वर्षाचे ३६ हजार, म्हणजे ३८ पोती. एक एकर दरवर्षी केवळ व्याजासाठी पिकवायचे आणि मुद्दल जागच्या जागी! परवानाधारक सावकारालाही वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, शेतीकर्जावर तर त्याहून कमी. बचत गटाचे कर्ज काढायचे असेल तर घरच्या बाईला विचारून काढा, सही तिची आणि हप्ताही तिच्याच गळ्यात असतो. धानाचे चुकारे आणि बोनस खात्यावर जमा होईपर्यंत हिशेबात धरू नका.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. शेतकरी लग्नात उधळतो म्हणून बुडतो, असे शहरात सर्रास बोलले जाते. १८७५ साली पुणे-नगरकडे सावकारांविरुद्ध दंगे झाले, त्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगानेही या समजुतीला फार महत्त्व दिले नाही. क्वचित होणाऱ्या लग्नापेक्षा बी, बैल, धान्य आणि शेतसारा यांसाठी वारंवार घेतलेल्या छोट्या रकमाच कर्ज फुगवतात, असे त्याने म्हटले. मला ते पटते. म्हणूनच सांगतो, आधीच भरलेल्या गाडीवर लग्नाचे ओझे ठेवताना चाकाकडे पाहा.

शेतकरी व शेतमजूर कुटुंबातील मुलींसाठी राज्य शासनाची शुभमंगल सामूहिक, नोंदणीकृत विवाह योजना आहे. तिच्यात जोडप्यामागे पूर्वी १० हजार रुपये मिळत, ते आता २५ हजार झाले आहेत. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करावी. मुलीचे वय अठरा आणि मुलाचे एकवीस पूर्ण हवे, हे वेगळे सांगायला नको.

ज्यांचे पऱ्हे पिवळे पडले होते, ते गृहस्थ परवा धाकट्या मुलीच्या साक्षगंधाचे बोलावणे घेऊन आले. खिशात शाळेची वही होती. हिशेब मुलीनेच लिहिला होता. पहिल्या पानावर खत आणि रोवणीची मजुरी, दुसऱ्या पानावर गाववार यादी. डीजेपुढे २६ पोती लिहून तिनेच काट मारली होती. "साहेब, वाजंत्री गावचीच सांगितली," ते म्हणाले, "आणि तुमच्या घरून किती जण येणार, तेवढे आताच सांगा."