उखळीचा सांधा

केरीच्या धक्क्यावरून तेरेखोलला जाणारी फेरीबोट धरायची तर गाडी उतारावरून सावकाश खाली न्यावी लागते. पुढची चाकं बोटीच्या लोखंडी फळीवर चढली की त्या एका ठोकरीत गाडीचा प्रत्येक सांधा बोलतो. गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या मारुती ८००च्या पुढच्या डाव्या चाकातून तिथं ‘टक्’ असा एकच कोरडा आवाज येऊ लागला. हरमलच्या रस्त्यावर इंजिनाच्या घरघरीत तो बुडायचा, पण फळीवर हटकून ऐकू यायचा. शेजारचे काका आयुष्यभर गाड्यांच्या खाली वावरलेले. ते एकदा माझ्याबरोबर पलीकडे आले, फळीवरचा आवाज त्यांनी ऐकला आणि एवढंच म्हणाले, “बॉल जॉइंट गेलो तुझो. रेडीच्या घाटीत नेऊ नको ही.”

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात खांद्याच्या आणि खुब्याच्या सांध्याला ‘उखळीचा सांधा’ म्हणतात. गाडीचा बॉल जॉइंट म्हणजे तोच, फक्त पोलादाचा. एका दांड्याच्या टोकाला गुळगुळीत गोळा, तो एका वाटीत बसवलेला, वाटीला आतून अस्तर, मध्ये ग्रीस आणि या सगळ्यावर रबराची टोपी. वाटी चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे लोअर आर्मच्या, टोकाला असते आणि दांडा चाक धरणाऱ्या नकलमध्ये अडकतो. चाक खड्ड्यात उतरतं, वर येतं, डावीउजवीकडे वळतं, आणि या सगळ्या हालचाली तो एकटा गोळा एकाच जागी राहून होऊ देतो. आधुनिक बॉल जॉइंट जर्मनीत फ्रिट्झ फाउडी यांनी १९२२च्या सुमारास घडवला. त्याआधी बहुतेक गाड्यांची पुढची चाकं किंगपिन नावाच्या उभ्या खिळ्याभोवती फिरत. तो खिळा एकाच अक्षाभोवती वळू देई, आणि ग्रीस चुकलं की झिजे. गोळ्यानं वळणं आणि वरखाली होणं एकाच सांध्यात आणलं. मला ही यंत्रशास्त्रातली अतिशय सुंदर गोष्ट वाटते. एवढीशी वस्तू, मुठीत मावणारी, आणि तिच्या भरवशावर अख्खं कुटुंब घाट उतरतं.

मारुती ८००ची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते ग्राहकाला मिळाली, आणि जानेवारी २०१४मध्ये तिचं उत्पादन थांबलं. आमच्या पेडणे तालुक्यात आजही ती अंगणाअंगणांत उभी दिसते, कारण तिचं वजन जेमतेम साडेसहाशे किलो आणि आमच्या अरुंद वाटांवर ती सहज वळते. तिच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट आहे. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्यानं दुसऱ्या महायुद्धानंतर मांडलेली ही रचना छोट्या गाड्यांना फार मानवली. घरी काम करणाऱ्यासाठी यातली एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. मॅकफर्सन रचनेत गाडीचा भार स्प्रिंगमधून वर, बॉनेटखालच्या माथ्याला जातो. खालचा बॉल जॉइंट तो भार पेलत नाही; चाक जागेवर धरून ठेवणं आणि ब्रेकचा व वळणाचा ओढा सोसणं हे त्याचं काम. म्हणून तो बदलताना स्प्रिंगला हात लावावा लागत नाही. स्ट्रटच्या माथ्यावरचा मधला नट मात्र कुणीही कधी सैल करू नये. दाबलेली स्प्रिंग त्या एका नटावर थांबलेली असते.

काही जुन्या जीप-जातीच्या गाड्यांत स्प्रिंग किंवा टॉर्शन बार खालच्या आर्मवरच टेकतो. तिथं सांधा सोडला की साठलेला सगळा जोर एकदम सुटतो. ते काम अंगणात करायचं नाही, गॅरेजमध्येच न्यायचं. यात मी कुणाचंही ऐकणार नाही.

केरीत हे सांधे लवकर का जातात, तर इथली हवा. नदीचं मुख, समुद्र, सुरूच्या बनातून येणारा खारा वारा, आणि भरतीच्या वेळी धक्क्याच्या उतारावर चढलेलं पाणी, ज्यातून आपण रोज चाकं नेतो. रबराच्या टोपीला बारीकशी चीर पडली की तिच्यातून खारं पाणी आणि तांबडी माती आत जाते, ग्रीसचं उटणं होतं आणि गोळा आतून घासला जातो. बाहेरून काही दिसत नाही. शेवटी वाटी इतकी सैल होते की एखाद्या खड्ड्यात गोळा बाहेर निसटतो आणि चाक गाडीखाली दुमडतं. त्या क्षणी हातात स्टिअरिंग असूनही नसल्यासारखं होतं.

आवाज बॉल जॉइंटचाच आहे ना, हे आधी पक्कं केलं. पुढची चाकं जमिनीवरून सुटली की वरच्या आणि खालच्या कडेला हात धरून चाक आतबाहेर हलवायचं. डाव्या चाकात स्पष्ट खेळ होता. काकांनी मला ब्रेक दाबून धरायला लावला. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर सांधा. राहिला. मग आर्म आणि नकल यांच्यामध्ये पहार घालून हलक्या हातानं उचलून पाहिलं, तेव्हा गोळा वाटीत उडताना डोळ्यांनी दिसला.

गाडी उचलणं हाच या कामातला खरा धोका आहे, म्हणून त्यावर जास्त लिहितो. आमच्याकडे हाताशी असतात ते जांभ्याचे चिरे. घरं त्यांचीच, कुंपणं त्यांचीच, आणि म्हणून गाडीखालीही सहज चिरा सरकवला जातो. भिंतीत चिरा पसरून भार घेतो. गाडीच्या एका कडेखाली तोच भार एका रेषेवर येतो, आणि जांभा त्या रेषेवर न सांगता फुटतो. सिमेंटच्या पोकळ ब्लॉकचंही तेच. ८०० हलकी म्हणावी, तरी तिच्या पुढच्या एका कोपऱ्यावर दोनशे किलोच्या आसपास वजन येतं. छातीवर तेवढं पुरतं.

आणि जॅक हा उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. आम्ही शेणानं सारवलेलं अंगण सोडून गाडी ओट्यापुढच्या सपाट काँक्रिटवर घेतली. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी पाचर, हॅन्डब्रेक, गिअरमध्ये. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल केले, म्हणजे वर उचललेल्या गाडीला हिसके द्यावे लागत नाहीत. मग जॅकनं उचलून दोन्ही बाजूंना लोखंडी घोडी, गाडीच्या मजबूत जागेखाली. मी चाक काढायला वाकलो तेव्हा काकांनी मागून शर्ट ओढला. “आदीं हालय तिका.” गाडी दोघांनी जोरात हलवली. हलली नाही. तेव्हाच चाक निघालं, आणि निघालेलं चाक आडवं करून काठाखाली सरकवून ठेवलं. घोडी दगा देईल तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही. जोडीला घरातलं एक माणूस हाकेच्या अंतरावर.

दोन्ही पुढची चाकं अधांतरी ठेवण्यात आणखी एक फायदा आहे. ८००मध्ये अँटी-रोल बारचं टोक लोअर आर्ममध्ये शिरून नटानं आवळलेलं असतं. एकच चाक उचललं तर हा बार पिळलेला राहतो आणि नट सुटताना आर्म झटका देतो.

पुढचं काम संयमाचं. नकलमध्ये बॉल जॉइंटचा दांडा एका आडव्या बोल्टनं चिमटलेला असतो, आणि तो बोल्ट दांड्याच्या खाचेतून जातो. बोल्ट नुसता सैल करून कितीही ठोकलं तरी दांडा निघत नाही. बोल्ट पूर्ण बाहेर यावा लागतो. आदल्या रात्रीच त्यावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं, तरी अर्धा तास गेला. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण वर बघून काम करताना गंजाचे पापुद्रे थेट डोळ्यांत येतात. चिमट्याची फट छिन्नीनं किंचितच उघडायची. जास्त फाकवली तर नकलला चीर जाते, आणि मग मोठा खर्च. दांडा सुटला की नकल बाहेर झुकते. ती तारेनं बांधून ठेवली, नाहीतर तिचं ओझं ब्रेकच्या नळीवर येतं आणि ड्राइव्ह शाफ्ट आतून निसटू शकतो. इतर अनेक गाड्यांत दांडा निमुळता असतो आणि नकलच्या डोळ्यात रुतून बसतो. तिथं नट चार आट्यांवर ठेवून डोळ्याच्या कडेवर हातोडीचा एक नेमका ठोका पुरतो.

नुसता सांधा बाजारात वेगळा मिळतो, पण तो आर्ममध्ये दाबून बसवायला प्रेस लागते. हातोडीनं ठोकून बसवलेला सांधा सुरुवातीपासूनच वाकडा असतो. मी म्हापशाहून बुशांसकट अख्खा लोअर आर्म आणला. दोन्ही बाजूंचे आणले, कारण एक झिजला तर दुसऱ्यानंही तेवढाच रस्ता पाहिला आहे. नवा दांडा खोल बसवला, खाच बोल्टशी जुळवली, रबराची टोपी कुठं चिमटली नाही ना ते बोट फिरवून पाहिलं. स्प्लिट पिनची जागा असेल तिथं जुनी पिन परत वापरायची नाही. ती एकदा वाकली की तिचा जीव गेलेला असतो. आणि बुशांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच. अधांतरी आवळले तर बुशाचं रबर कायम पिळलेलं राहून वर्षभरात फाटतं. आवळताना टॉर्क पाना वापरला, आकडा गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातला.

संध्याकाळी गाडी आधी हातभर पुढं-मागं, मग वाडीतून सावकाश. दुसऱ्या दिवशी म्हापशाला अलाइनमेंट, कारण आर्म बदलला की चाकांची दिशा थोडी का होईना सरकते. परतताना काका बाजूला होते. आम्ही घराकडे न वळता सरळ धक्क्यावर गेलो. भरती होती, उतार ओला. पुढची चाकं फळीवर चढली आणि फक्त फळीचाच दणका ऐकू आला. तेरेखोलच्या काठाला उतरल्यावर काकांनी गाडी किल्ल्याच्या चढाआधी सपाटीवर थांबवायला लावली. मागच्या सीटखालून पाना काढून माझ्या हातात दिला आणि स्वतः वाकून चिमट्याच्या नटाकडे बोट दाखवलं. मी जोर लावला. नट हलला नाही. “शंभर किलोमीटर झाले की परत,” ते म्हणाले, आणि आम्ही शिरोड्याच्या वाटेला लागलो.