रस्ता एक, वाटेकरी चार

शहराच्या मध्यवस्तीतला रस्ता रुंद होत नाही. दोन्ही बाजूंना वाडे, दुकानं, देवळं उभी असतात. वाढत जातात त्या गाड्या. मग तेवढ्याच रुंदीत मोटार, सायकल, बस आणि पायी चालणारा माणूस या चौघांना बसवायचं कसं? जगभरच्या शहरांनी या कोड्याची उत्तरं शोधली आहेत. काही थक्क करणारी, काही हसू आणणारी. सगळ्यांत एक गोष्ट मात्र सारखी आहे: कोंडी ही काही पावसासारखी आभाळातून पडत नाही. रस्त्याची वाटणी माणसं ठरवतात आणि माणसंच ती बदलू शकतात.

७२ माणसं, तीन फोटो

जर्मनीतल्या म्युन्स्टर शहराने १९९१ मध्ये एक पोस्टर काढलं. रस्ता तोच, ७२ माणसं तीच, फोटो तीन. सायकलींवर आली तेव्हा या माणसांना ९० चौरस मीटर जागा लागली. बसने आली तेव्हा ३० चौरस मीटरमध्ये भागलं. मोटारींनी आली तेव्हा गाड्या झाल्या ६० आणि जागा लागली तब्बल १,००० चौरस मीटर! फोटोत रस्त्याच्या टोकापर्यंत नुसते टप. वाहतुकीवरच्या हजार भाषणांचं काम या एका पोस्टरने केलं.

पॉम्पेईचा झेब्रा क्रॉसिंग

इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहराच्या रस्त्यांत आजही मोठे सपाट दगड रोवलेले दिसतात. पादचाऱ्याने चिखल-पाण्यात पाय न घालता दगडावरून दगडावर पाऊल टाकत रस्ता ओलांडावा, म्हणून ते बसवले होते. गाड्यांची चाकं जावीत इतकी फट मधे सोडलेली. दोघांची सोय एकाच दगडात!

रोममध्ये तर ज्युलियस सीझरच्या काळातच दिवसा बहुतेक मालवाहू गाड्यांना शहरात बंदी होती. परिणाम? गाड्या रात्री येऊ लागल्या आणि त्यांच्या खडखडाटाने झोप उडते, अशी तक्रार पुढे जुव्हेनाल या कवीने करून ठेवली.

मुलं, कागद आणि रंग

ब्राझीलमधलं कुरितिबा. साल १९७२. महापौर जायमी लेर्नर यांनी शहरातला मुख्य बाजाररस्ता पादचाऱ्यांसाठी मोकळा करायचं ठरवलं. धंदा बसेल म्हणून दुकानदारांचा कडवा विरोध होता, कोर्टकचेरीची भीती होती. म्हणून काम शुक्रवारी संध्याकाळी सुरू केलं आणि अवघ्या ७२ तासांत फरसबंदी, दिवे, फुलझाडं सगळं उभं राहिलं. काही मोटारचालकांनी घुसून रस्ता परत घ्यायचं ठरवलं, तेव्हा पालिकेने तिथे लांबच लांब कागद अंथरले आणि शेकडो मुलांना चित्रं काढायला बसवलं. मोटारी मागे फिरल्या. लवकरच दुकानदारांना गिऱ्हाईक वाढल्याचं दिसलं आणि विरोध मावळला. बससाठी वेगळी मार्गिका हा प्रयोगही याच शहराने १९७४ मध्ये सुरू केला. जगभरच्या 'बस रॅपिड ट्रान्झिट'चं, म्हणजे बीआरटीचं, मूळ तिथे आहे.

एका रात्रीत चार तुकडे

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहराने सप्टेंबर १९७७ मध्ये मध्यवस्तीचे चार भाग पाडले. एका भागातून शेजारच्या भागात जायचं असेल, तर मोटारीने आधी बाहेरचा वळसा-रस्ता गाठायचा आणि तिथून पुन्हा आत शिरायचं. सायकल आणि पायी माणूस मात्र सरळ पलीकडे! पाट्या बदलल्या, काही रस्ते एकेरी झाले आणि लोक सकाळी उठले तेव्हा शहराचं वळण बदललेलं होतं. मोटारींना सरसकट बंदी नव्हती, फक्त मधून आरपार जाता येईना. हा सगळा खटाटोप मुख्यतः पाट्या आणि अडथळ्यांवर झाला. उड्डाणपूल एकही बांधावा लागला नाही. बेल्जियममधल्या गेंट शहराने २०१७ मध्ये मध्यवस्तीभोवती सहा भाग करून हाच मार्ग धरला.

मेट्रो नाही, पण मेट्रोचा नकाशा आहे

स्पेनमधल्या पोन्तेव्हेद्रा या लहान शहरात मेट्रो नाही. तरी तिथे मेट्रोसारखा रंगीत रेषांचा नकाशा मिळतो. रेषांवर मिनिटं लिहिलेली असतात, ती चालत जायला लागणारी! नाव आहे मेट्रोमिनुतो. स्टेशनापासून बाजार इतकी मिनिटं, बाजारापासून पूल इतकी मिनिटं. आकडे पाहिल्यावर लक्षात येतं की गाडी काढावी इतकं लांब फारसं काही नाहीच. १९९९ पासून या शहराने जुन्या भागातली मोटारींची वर्दळ जवळजवळ संपवली.

आधी "नको", मग "राहू द्या"

स्टॉकहोमने जानेवारी ते जुलै २००६ असे सात महिने शहरात शिरणाऱ्या मोटारींवर शुल्क लावून पाहिलं. सुरुवातीला बहुसंख्य लोक विरोधात होते. शुल्क सुरू होताच शहराच्या वेशीवरची वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली. प्रयोग थांबल्यावर वाहतूक बऱ्याच अंशी परत वाढली. मग सप्टेंबरमध्ये सार्वमत झालं आणि शहरवासीयांनी कौल शुल्काच्या बाजूने दिला! २००७ पासून ते कायम झालं. लोकांना आधी अनुभव घेऊ द्या आणि मग विचारा, हा स्टॉकहोमचा धडा प्रत्येक नगरपालिकेने घ्यावा असा आहे.

पोलिसाऐवजी मूकाभिनेता

कोलंबियाची राजधानी बोगोटा. १९९५ मध्ये महापौर झालेल्या अंतानास मोकुस यांनी चौकाचौकांत तोंड रंगवलेले मूकाभिनेते उभे केले. झेब्रा पट्ट्यांवर गाडी चढवली की ते चालकाची नक्कल करत, हातवारे करून त्याला मागे सरकायला लावत. दंड नाही, शिवी नाही, पण चारचौघांत लाज वाटे! याच शहरात १९७४ पासून 'सिक्लोव्हिया' चालतं. दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत शंभर किलोमीटरहून जास्त रस्ते सायकली, धावणारे आणि चालणारे यांच्या हवाली!

पूल पाडला, ओढा आला

दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये चोंगग्येचोन नावाचा ओढा झाकून त्यावर रस्ता आणि रस्त्यावर उन्नत महामार्ग बांधला होता. २००३ मध्ये शहराने तो महामार्ग पाडायला घेतला. रोज लाखावर गाड्या तिथून जायच्या, त्यामुळे शहर ठप्प होईल असं भाकीत होतं. तसं झालं नाही. कारण २००४ मध्ये बससेवा मुळापासून सुधारली: रस्त्याच्या मधोमध बसमार्गिका वाढवल्या, कोणती बस कुठवर जाते ते रंगावरून कळू लागलं आणि बस-मेट्रोचं तिकीट एकत्र झालं. २००५ मध्ये सुमारे पावणेसहा किलोमीटरचा ओढा खुला झाला. आज भर शहरात लोक पाण्यात पाय सोडून बसतात.

साडेबारा हजार सायकलींचं तळघर

नेदरलँड्समधल्या उत्रेख्त स्टेशनाखाली १२,५०० सायकली ठेवायची तीन मजली जागा आहे. तिचं काम २०१९ मध्ये पूर्ण झालं. आत सायकल चालवतच जायचं. रिकाम्या जागा कुठे आहेत ते फलकावर दिसतं आणि पहिले २४ तास पैसे लागत नाहीत. सायकल मार्गिका आखून शहरं थांबतात, सायकल ठेवायची कुठे हा प्रश्न मात्र तसाच राहतो. उत्रेख्तने तो सोडवला.

सिग्नलवरची बाई

सिग्नलवर चालणारी आकृती पुरुषाचीच का? २०२० मध्ये मुंबईत दादर-माहीम भागातल्या सिग्नलांवर फ्रॉक घातलेली स्त्रीची आकृती झळकली. असं करणारं मुंबई हे देशातलं पहिलं शहर ठरलं. तैपेई शहरात तर सिग्नलमधला हिरवा माणूस खरोखर चालतो आणि वेळ संपत आली की पळू लागतो!

मोटारीविना गाव, आपल्याच रायगडात

मोटारीशिवाय गाव चालतं का? माथेरानला जाऊन बघा. गाड्या गावाबाहेरच्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढे पाय, घोडा नाहीतर छोटी रेल्वे. रुग्णवाहिकेला मुभा आहे, आणि माणसाने माणूस ओढायची हातरिक्षा बंद व्हावी म्हणून डिसेंबर २०२२ पासून ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर आल्या. शहराला ही व्यवस्था जशीच्या तशी लागू होणार नाही. पण दिल्लीच्या चांदणी चौकात २०२१ पासून सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारवाहनांना मनाई आहे, हेही विसरू नका.

आणि आपलं पुणं

देशातला पहिला बीआरटी मार्ग २००६ मध्ये पुण्यातच, कात्रज-स्वारगेट-हडपसर असा सुरू झाला. पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा करते आणि त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद ठेवते. एरवी जिथे जीव मुठीत धरून चालावं लागतं, तिथे आजी-आजोबा निवांत फिरतात, मुलं खेळतात. म्हणजे कल्पना आपल्याकडे आहेत, धाडसही आहे. कमी पडतं ते सातत्य. बसमार्गिकेत दुचाक्या घुसल्या की बस अडकते, बस अडकली की प्रवासी दुचाकी घेतो आणि कोंडी आणखी वाढते.

यातल्या अनेक शहरांनी वाटणीची सुरुवात पायी चालणाऱ्यापासून केली. तेच बरोबर आहे. बसचा प्रवासी थांब्यापर्यंत चालतच जातो आणि मोटारीचा मालकही गाडी लावल्यावर पादचारीच होतो. म्हणून आधी सलग, मोकळा फूटपाथ, मग बसला तिची मार्गिका, मग सायकलला सुरक्षित जागा, आणि उरलेला रस्ता मोटारीला. महापालिकेच्या निवडणुकीत उमेदवार दारात आला, तर उड्डाणपूल कधी होणार हे विचारू नका. आमच्या गल्लीतून बसथांब्यापर्यंत आजीला न अडखळता चालत जाता येईल का, आणि तिथे किती मिनिटांनी बस येईल, एवढंच विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.