खांद्यावरचा सोबती : कॅमेऱ्याच्या बॅगेची निवड

कॅमेरा विकत घ्यायचा म्हटला, की माणूस महिनोन्‌महिने विचार करतो. जाणकारांचा सल्ला घेतो, दहा दुकाने पालथी घालतो, किमतींची तुलना करतो. मात्र एवढ्या काटेकोरपणे कॅमेरा निवडल्यावर दुकानदार जी बॅग पुढे ठेवतो, ती तो निमूटपणे उचलतो. बॅग म्हणजे कॅमेऱ्याचे वेष्टन, एवढेच तिचे स्थान त्याच्या मनात असते. वास्तविक कॅमेरा घराबाहेर पडणार की कपाटात पडून राहणार, हे पुष्कळदा ती बॅगच ठरवत असते.

निवृत्तीच्या निमित्ताने स्वतःलाच कॅमेऱ्याची भेट देणारे अनेक जण असतात. पहिल्या सहलीला मोठ्या उत्साहाने सारे साहित्य सोबत नेले जाते. दुसऱ्या सहलीत दुपारपर्यंत खांदा भरून येतो. तिसऱ्या सहलीला कॅमेरा घरीच राहतो आणि हाती येतो तो मोबाइल. मग दोन पावसाळे उलटल्यावर एखाद्या कार्यक्रमासाठी बॅग उघडावी, तर लेन्सच्या काचेवर बुरशीचे जाळे पसरलेले दिसते. दोष हौसेचा नसतो, कॅमेऱ्याचाही नसतो. दोष असतो निवडीचा.

मासेमारीच्या पिशवीपासून

खांद्यावरची पिशवी मराठी माणसाला नवी नाही. एके काळी लेखक, शिक्षक आणि कार्यकर्ते यांची ओळखच खांद्यावरच्या शबनमने होत असे. हलकी, सहज उघडणारी, हात मोकळे ठेवणारी ही पिशवी कागद-पुस्तकांसाठी उत्तम होती. परंतु काचेच्या भिंगांना तिच्यात संरक्षण नव्हते.

भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून गौरविल्या गेलेल्या होमाई व्यारावाला (१९१३-२०१२) यांनी मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिक्षण घेतले होते. पुढे दिल्लीत स्पीड ग्राफिकसारख्या अवजड कॅमेऱ्यासह साडी नेसून सायकलवरून फिरत त्यांनी स्वातंत्र्यकाळातील ऐतिहासिक क्षण टिपले. साहित्य किती जड, यापेक्षा ते वेळेवर हाताशी येते की नाही, याला वृत्तछायाचित्रकाराच्या दृष्टीने अधिक मोल असते.

नेमक्या याच गरजेतून आजची कॅमेरा बॅग घडली. १९७०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’ या दैनिकाचे छायाचित्रकार जिम डॉम्की यांनी ताठर पेट्यांना कंटाळून शरीराला बिलगून राहणारी मऊ कॅनव्हासची बॅग तयार केली. इंग्लंडमधील बिलिंगहॅम ही संस्था १९७३ पासून मासेमारीच्या पिशव्या शिवत असे. न्यूयॉर्कमधील छायाचित्रकार आपल्या पिशव्या कॅमेऱ्यासाठी वापरतात, हे १९७८च्या सुमारास तिच्या ध्यानात आले आणि ती कॅमेऱ्याच्या बॅगांकडे वळली. थोडक्यात, चांगली बॅग प्रत्यक्ष वापरातून जन्माला आली. तिची निवडही वापर पाहूनच व्हावी.

आधी सामान, मग बॅग

मोठे घर घेतले, की आपोआप सामान वाढते. बॅगेचेही तसेच. रिकामा कप्पा दिसला, की त्यात आणखी एक लेन्स ठेवावीशी वाटते. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी सारे साहित्य घरातील टेबलावर मांडावे आणि अलीकडची शंभर छायाचित्रे संगणकावर पाहावीत. प्रत्येक डिजिटल छायाचित्रासोबत कॅमेरा लेन्सचे नाभीय अंतर नोंदवून ठेवतो. पासबुकातील नोंदी पाहिल्या, की खर्चाच्या खऱ्या सवयी उलगडतात. तद्वत या नोंदींवरून कोणती लेन्स खरोखर वापरली जाते आणि कोणती नुसतीच फिरायला येते, हे स्पष्ट होते.

आता वजनाचा हिशेब पाहू या. व्यावसायिक दर्जाच्या डीएसएलआर कॅमेऱ्याची बॉडी सुमारे ९०० ग्रॅम, २४-७० मिलिमीटरची मोठ्या छिद्राची झूम लेन्स सुमारे ८०० ग्रॅम, ७०-२०० मिलिमीटरची तशीच लेन्स सुमारे १,५०० ग्रॅम आणि बॅटऱ्यांसह फ्लॅश सुमारे ५०० ग्रॅम. बेरीज झाली ३ किलो ७०० ग्रॅम. जाड फोमच्या भक्कम बॅगेचे स्वतःचे वजन दीड किलो धरले आणि लिटरभर पाण्याची बाटली त्यात ठेवली, तर आकडा ६ किलोंच्या वर जातो. हा सारा भार एकाच खांद्यावर येतो. तो तोलण्यासाठी शरीर नकळत दुसऱ्या बाजूला कलते आणि संध्याकाळी मान व कंबर तक्रार करू लागतात.

याउलट मिररलेस प्रकारातील लहान बॉडी, सोबतची साधी झूम लेन्स आणि एक छोटी लेन्स मिळून सुमारे १ किलो होते. हलक्या बॅगेसह सारे ओझे २ किलोंच्या आत राहते. सहलीसाठी, नातवंडांच्या वाढदिवसासाठी किंवा गावच्या जत्रेसाठी एवढे पुरेसे असते.

सामान ४ किलोंच्या पुढे जात असेल, अथवा गडकिल्ल्यांची चढण चढायची असेल, तर दोन्ही खांद्यांवर भार विभागणारी पाठीवरची सॅकच घ्यावी. खांद्यावरच्या बॅगेचे खरे क्षेत्र म्हणजे बाजारपेठ, मंदिर, लग्नमंडप आणि रेल्वेचा डबा. बॅग खाली न ठेवता क्षणार्धात कॅमेरा बाहेर काढता येणे, हा तिचा मोठा गुण होय.

पट्टा, झाकण, अस्तर

बॅगेचे आयुष्य पट्ट्यावर अवलंबून असते. पट्टा चार-पाच सेंटिमीटर रुंद असावा. अरुंद पट्टा खांद्यात रुततो. तो बॅगेच्या तळाखालून फिरवून शिवलेला असल्यास उत्तम, कारण त्यामुळे भार केवळ दोन कड्यांवर येत नाही. कड्या व बक्कल धातूचे असावेत, टाके दुहेरी असावेत. पट्टा एकाच खांद्यावर न लटकवता छातीवरून तिरपा घ्यावा आणि ठराविक वेळाने बाजू बदलावी.

झाकण अंगाच्या विरुद्ध दिशेला उघडणारे असले, म्हणजे हात सरळ आत जातो. चिकटपट्टीचे, म्हणजे वेल्क्रोचे झाकण सोयीचे खरे, परंतु मंगलाष्टके सुरू असताना किंवा मैफलीत आलाप रंगला असताना त्याचा खरखराट सर्वांच्या माना वळवतो. अशा ठिकाणी बक्कल बरे. आतील अस्तर फिक्या रंगाचे असावे. काळ्या अस्तरात लेन्सचे काळे झाकण शोधण्यातच क्षण निघून जातो. तळाचा फोम हाताने दाबून पाहावा, कारण बॅग जमिनीवर टेकवताना बसणारा धक्का तळालाच सोसावा लागतो. स्वतंत्र कॅमेरा बॅग परवडत नसेल, तर फोमचे कप्पे असलेले अस्तर वेगळेही मिळते. ते साध्या, मजबूत कॅनव्हासच्या पिशवीत बसवले, की काम भागते.

पाऊस, दमट हवा आणि बुरशी

कोकण, गोवा, केरळ, बंगाल वा ईशान्य भारत, कोठेही कॅमेऱ्याचा मोठा शत्रू म्हणजे ओलावा. बॅगेचे कापड पाण्याला दाद देत नसले, तरी शिवणीतून व चेनमधून पाणी झिरपतेच. म्हणून वरून घालायचे आवरण सोबत असावे. हवेतील आर्द्रता दीर्घकाळ ६०-६५ टक्क्यांच्या वर राहिली, की लेन्सवर बुरशी धरण्याचा धोका वाढतो. त्यासाठी एक नियम लक्षात ठेवावा : बॅग ही प्रवासासाठी असते, साठवणीसाठी नव्हे. फोम आणि कापड ओलावा धरून ठेवतात. घरी परतल्यावर कॅमेरा बाहेर काढून, कोरडा पुसून, सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावा आणि रिकाम्या बॅगेला ऊन दाखवावे.

थंड प्रदेशात मात्र हीच बॅग ढालीचे काम करते. लडाखच्या गारठ्यातून उबदार खोलीत, किंवा वातानुकूलित गाडीतून चेन्नईच्या दमट हवेत येताच थंड काचेवर बाष्प जमते. अशा वेळी कॅमेरा बंद बॅगेतच काही काळ राहू द्यावा, म्हणजे तो सावकाश बाहेरच्या तापमानाला येतो.

प्रवास आणि सुरक्षितता

विमानाच्या साधारण वर्गात केबिनमधील सामानाची मर्यादा देशांतर्गत प्रवासात सामान्यतः ७ किलो असते. सुट्या लिथियम बॅटऱ्या तपासणीच्या सामानात टाकण्यास मनाई आहे. त्या टोके झाकून सोबतच्या बॅगेत ठेवाव्या लागतात. रेल्वेत रात्री बॅगेचा पट्टा बर्थखालच्या कडीला अडकवण्यापेक्षा बॅग उशाशी घेणे श्रेयस्कर. ठळक अक्षरांत कॅमेरा कंपनीचे नाव मिरवणारी बॅग चोराला आमंत्रणच देते. साधी, मातकट रंगाची बॅग गर्दीत डोळ्यांत भरत नाही.

ज्याचा चरितार्थ कॅमेऱ्यावर चालतो, त्याच्यासाठी हा प्रश्न अधिक गंभीर आहे. कर्ज काढून साहित्य घेतलेल्या तरुण व्यावसायिकाचे सारे भांडवलच एका पट्ट्याला लटकत असते. कॅमेरा व लेन्सचे अनुक्रमांक आणि बिलांच्या प्रती घरी जपून ठेवाव्यात. विमा उतरवताना प्रवासातील चोरी आणि आकस्मिक पडझड यांचे संरक्षण मिळते काय, कोणत्या अटी आहेत, हे आधी वाचावे. चित्रण पूर्ण झालेले मेमरी कार्ड मात्र कधीही बॅगेत ठेवू नये. ते खिशात असावे. कॅमेरा पुन्हा घेता येतो, पण कोणाच्या लग्नातील अंतरपाट दूर होण्याचा क्षण पुन्हा टिपता येत नाही.

एक सोपी परीक्षा

दुकानात जाताना आपले साहित्य सोबत न्यावे. ते बॅगेत भरावे आणि दहा मिनिटे चालून पाहावे. एका हाताने झाकण उघडावे, कॅमेरा काढावा, पुन्हा ठेवावा. जिना चढावा, वाकावे, खाली बसावे. विक्रेत्याला थोडी घाई असेल, तरी संकोच करू नये. ही बॅग पुढील अनेक वर्षे विक्रेत्याच्या नव्हे, आपल्या खांद्यावर असणार आहे.

दहा मिनिटांनंतर बॅग केव्हा एकदा खाली ठेवतो असे वाटले, तर ती कितीही देखणी असली तरी परत करावी. आणि ती खांद्यावर आहे याचा विसर पडून नजर रस्त्यावरच्या उन्हा-सावलीकडे, माणसांच्या चेहऱ्यांकडे वळली, तर निवड झाली असे समजावे. कपाटातला कॅमेरा आता घराबाहेर पडेल.