चिकटलेल्या नोटा

बँकेत कॅश काउंटरवर बसलो तेव्हा पहिला धडा मिळाला तो कोऱ्या नोटांचा. त्या एकमेकींना बिलगतात. दोन जातात, एकच मोजली जाते आणि संध्याकाळची तूट आपल्या खिशातून भरावी लागते.

गेल्या दिवाळीत नातवाचा हात मोडला. एक्स-रे काढल्यावर सूनबाईंनी विचारलं, "किरण किती गेले हो अंगात?" भाचा याच विषयातला, म्हणून त्याला फोन केला.

"मामा, ट्यूबला ७० किलोव्होल्ट लावले तरी सगळे किरण ७०चे नसतात. लहानमोठ्या ऊर्जांची ती मिसळ असते. दुबळे किरण कातडीतच मुरतात. चित्राला त्यांचा उपयोग नाही, शरीराला ताप मात्र होतो. म्हणून झोताच्या वाटेत ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवतात. पण पलीकडे मिसळीत काय उरलं, हे मोजल्याशिवाय डोसाचा हिशोब पक्का होत नाही."

मोजायला गेलं की गर्दी आडवी येते. मोजणाऱ्या उपकरणात ३०चे दोन फोटॉन एकदम शिरले, तर ६०चा एकच आला अशी नोंद होते. म्हणजे आमच्याच चिकटलेल्या नोटा! म्हणून जाड धातूच्या तुकड्याला बारीक भोक पाडून तो झोतासमोर धरतात. हा कोलिमेटर. भोक मोठं ठेवलं तर गर्दी हटत नाही. फार बारीक केलं तर नेम जरा चुकला तरी वाट बंद. शिवाय कडेला आपटून ऊर्जा गमावलेले किरण आत घुसतात ते वेगळेच. धातू शिशाचा असेल आणि झोत १०० किलोव्होल्टचा, तर शिसं स्वतःच ७५च्या आसपासचे किरण सोडतं. पहारेकरीच रांगेत शिरला म्हणायचा!

दर वेळी नवा तुकडा घडवून पाहणं महाग पडतं. म्हणून भाचा आधी संगणकावर कोट्यवधी फोटॉन सोडतो. कुठला आपटेल, कुठला निसटेल, हे यदृच्छेने काढलेल्या आकड्यांवर ठरतं. ही युक्ती १९४६मध्ये स्टॅनिस्लाव उलाम यांना आजारातून उठताना एकट्याने पत्ते खेळता खेळता सुचली. जुगाराच्या अड्ड्यावरून तिचं नाव पडलं मॉन्टे कार्लो. सट्टेबाजाला कर्ज नाकारण्यात हयात गेलेल्या मला हे पचायला जड गेलं.

हाताच्या एक्स-रेचा डोस निसर्गातून दिवसभरात मिळतो त्याहूनही कमी, असं भाच्याने सांगितलं. सूनबाई म्हणाल्या, "मग हे आधी सांगायचं ना!"

पुढच्या आठवड्यात माझ्या छातीचा सीटी स्कॅन आहे. त्याचा हिशोब मात्र त्याने दिवसांत नाही, वर्षांत सांगितला.