भुरका मारा, चव कळेल!

बशीत ओतून फुर्रर्रकन चहा पिणाऱ्या आजोबांना कुणी नावं ठेवली तर खुशाल सांगा, जगभरचे कॉफीपारखी असेच पितात! जोरात भुरका मारला की कॉफीचे तुषार जिभेभर पसरतात आणि वास घशामागून नाकापर्यंत चढतो. चवीतला मोठा वाटा नाकाचाच असतो.

या चाखण्याला कपिंग म्हणतात. घरी करायला त्याहून सोपं काही नाही. यंत्र नको, फिल्टर नको. दोन सारख्या वाट्या घ्या. 150 मिलिलिटर पाण्याला 8.25 ग्रॅम, म्हणजे सव्वाआठ ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी. उकळी नुकती शमलेलं पाणी ओता आणि 4 मिनिटं हात लावू नका. मग वर धरलेला थर चमच्याने मोडा आणि त्याच क्षणी वाकून वास घ्या. फेस काढा, निवू द्या, भुरका मारा. पहिल्या घोटावर निकाल देऊ नका हं! गरम असताना नुसती कडसर लागलेली कॉफी कोमट झाली की संत्र्यासारखी आंबटगोड लागू शकते. पारख्यांच्या रूढ पद्धतीत 100 पैकी 80 गुण मिळाले की ती कॉफी ‘स्पेशालिटी’ ठरते.

एक मळा, दोन रोस्टर

माझ्या मते घरच्या कॉफीतला सर्वांत रंगतदार खेळ हाच. एकाच मळ्याच्या बिया दोन रोस्टरांकडून, म्हणजे कॉफी भाजणाऱ्यांकडून, मागवायच्या आणि वाट्या शेजारी ठेवायच्या. हलक्या भाजणीत फळांचा आंबटपणा पुढे येतो, गडद भाजणीत कोको आणि करपवलेली साखर. झाड तेच, पाऊस तोच. फरक भाजणाऱ्याच्या हाताचा. पाकिटावर मळा, वाण, प्रक्रिया सगळं छापलेलं असतं, पण आधी वाचायची ती भाजल्याची तारीख.

‘रत्नागिरी इस्टेट’ असं नाव दिसलं तर मात्र कोकणात शोधू नका, तो मळा कर्नाटकातला! महाराष्ट्रातली कॉफी बघायची तर अमरावती जिल्ह्यात, थेट चिखलदऱ्याला जावं लागेल.

अंजीर कुठून आलं?

पाकिटावर ‘अंजीर, मध, बदाम’ लिहिलेलं असतं, पण आत कॉफीशिवाय काही नसतं. भाजलेल्या कॉफीत 800 हून अधिक सुगंधी द्रव्यं सापडली आहेत. त्यांतली काही आपल्या नाकाला ओळखीच्या पदार्थांची आठवण करून देतात.

पावसाळी हवेची शान

‘मान्सून्ड मलबार’ एकदा तरी चाखाच. जहाजांतून महिनोन्‌महिने युरोपला जाताना दमट हवेने आपली कॉफी फुगायची, पिवळी पडायची, तिचा आंबटपणा जायचा. तिकडच्यांना तीच चव आवडली. जहाजं वेगवान झाली, कॉफी कोरडी पोचू लागली, तेव्हा किनाऱ्यावरच बिया मोसमी वाऱ्यात पसरून ती चव पुन्हा मिळवली गेली. हवामानाने केलेली करामत माणसाने शिकून घेतली, ही मला फार सुंदर गोष्ट वाटते.

शाईटिपाचा फिल्टर

1908 साली जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या गृहिणी मेलिटा बेंट्झ यांनी पितळी भांड्याला भोकं पाडली, मुलाच्या वहीतला शाईटिप कागद त्यात घातला आणि गाळ नसलेली कॉफी गाळली. आज घरोघरी पोअर ओव्हरला, म्हणजे वरून हाताने पाणी ओतून कॉफी गाळायला, वापरतात तो कागदी फिल्टर तिथूनच आला. हाताने दाबून कॉफी गाळायचा एरोप्रेस तर 2005 मधला. तो शोधणारे अ‍ॅलन अ‍ॅडलर त्याआधी दूरवर उडणारी खेळण्यातली चकती बनवण्यासाठी प्रसिद्ध होते.

फुगली म्हणजे ताजी

पहिलं थोडं पाणी ओतल्यावर कॉफी फसफसून वर येते, त्याला ब्लूम म्हणतात. भाजताना बियांत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड सुटतो म्हणून हे घडतं. अर्धा मिनिट थांबा, मग बाकीचं पाणी. आणि पाणी चांगलंच घ्या, कारण फिल्टर केलेल्या कपात 98 टक्क्यांहून जास्त तेच असतं!

ग्राइंडरमधली वीज

दळताना पूड उडते, भांड्याला चिकटते, ती घर्षणाने तयार झालेल्या विजेमुळे. ओरेगॉनच्या संशोधकांनी 2023 मध्ये ज्वालामुखीच्या अभ्यासकांना सोबत घेऊन याचा शोध घेतला, कारण उडत्या राखेतही अशीच वीज साठते. उपाय अगदी साधा निघाला: दळण्याआधी बियांना किंचित पाणी लावा. चमच्याची दांडी ओली करून ढवळलं तरी पुरे.