अंगावरून जाणं, अंगावर काढणं

काही वर्षांपूर्वी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात राहणारी माझी खाला महाडला डॉक्टरीणबाईंकडे आली होती. काय होतंय, असं विचारल्यावर ती एवढंच म्हणाली, "अंगावरून जातंय." पांढरं की लाल, किती, किती दिवस, काही नाही. शेजारी मी, भाचा, उभा. मी बाहेर गेलो तेव्हा कुठे ती बोलली. आठ महिने चाललं होतं!

केसपेपरवर एकच शब्द होता : मेनोऱ्हेजिया. एस.टी.त खालानं विचारलं, "नाव काय रे दुखण्याचं? मोठं आहे का?" कविता लिहिणारा, बी.ए. झालेला भाचा गप्प.

घरी येऊन कोश उघडला. शब्द ग्रीक. 'मेन' म्हणजे महिना. संस्कृतातला 'मास' आणि फारसीतला 'माह' त्याचेच सख्खे भाऊ; आमच्या घरात 'माहवारी' म्हणतात ती याच 'माह'वरून. उरलेला भाग 'फुटणे, फाटणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदाचा. हेमरेजमध्येही तोच आहे. 'हैमा' म्हणजे रक्त. बांध फुटावा तसं रक्त फुटणं, ते हेमरेज.

आपण त्याला रक्तस्राव म्हणतो. पण 'स्राव'मधला 'स्रु' धातू नुसता वाहण्याचा. त्याचं ग्रीक भावंड डायरियात सापडतं, हेमरेजमध्ये नाही. फुटण्याचा अर्थ आपल्याकडे जपला तो आयुर्वेदानं. 'असृक्' म्हणजे रक्त आणि 'दर' म्हणजे फाटणं, दुभंगणं, म्हणून असृग्दर. प्रदरही त्याच धातूचा, आणि चरकसंहितेत त्याची फोड अशीच केली आहे. ग्रीक आणि संस्कृत धातू वेगळे, पण दोघांना दिसलं ते एकच. मला याचं फार नवल वाटलं.

मराठी बायकांनी मात्र यातला एकही शब्द घेतला नाही. त्यांनी 'अंगावरून जाणं' घेतलं. त्यात रक्ताचं नाव नाही, रंग नाही, माप नाही. चारचौघांत बोलता यावं म्हणून केलेला हा शब्द. आणि त्याच 'अंगावर'चा दुसरा वाक्प्रचार म्हणजे दुखणं अंगावर काढणं. खालानं दोन्ही केलं.

माप मात्र हवंच. पाळीच्या एका खेपेला ८० मिलिलिटरहून, म्हणजे जेमतेम पाच-सहा मोठे चमचे, अधिक रक्त गेलं तर ते जास्त, असं वैद्यकशास्त्र धरत आलं. घरात कोण मोजणार? म्हणून साध्या खुणा : सात दिवसांच्या वर चालणं, तासा-दोन तासाला कापड किंवा पॅड बदलावं लागणं, नाण्याएवढ्या गाठी पडणं, चढण चढताना धाप लागणं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. आधीच कमी, त्यातून हे जाणं.

गंमत म्हणजे 'मेनोऱ्हेजिया' आता डॉक्टरांनीही मागे टाकला आहे. जो तो त्याचा वेगळा अर्थ घ्यायचा, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांच्या 'फिगो' या जागतिक संघटनेनं तो सोडून द्यायला सांगितलं. आता साधं 'पाळीत जास्त रक्त जाणं' एवढंच म्हणतात.

खालाच्या गर्भाशयात गाठ निघाली, उपचार झाले. पुढच्या खेपेला सुनेला बरोबर घेऊन ती आली आणि खुर्चीवर बसायच्या आधीच डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "लालच गेलं, पण पाचच दिवस. मोजलंय."